गार कान, कडक सड

तात्या, तीन आठवडे झाले, लोक येतात, सतरंजीवर बसतात आणि तुम्ही किती शांत स्वभावाचे होतात ते मला सांगतात. मी मान हलवते, चहा देते. शांत म्हणे. ज्या माणसाने सव्वा वर्ष माझ्याशी गाईच्या कानावरून भांडण केलं, आठ-आठ दिवस अबोला धरला, 'त्या प्राध्यापक बाईला म्हणावं आमटीत मीठ कमी हाय' असे निरोप आईंच्या मार्फत समोरच बसलेल्या मला पाठवले, तो माणूस शांत. असो. लोकांनी तुम्हाला गोठ्यात पाहिलं. मी तुम्हाला वहीवर पाहिलं आहे.

खरं तर इंदापुरात मला बघायला आलात तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. बाकीची मंडळी पोह्यांचं कौतुक करत होती आणि तुम्ही एकदम विचारलंत, गाईची भीती वाटते का. मी म्हटलं, थोडी थोडी. "थोडी थोडी आसं काय नसतं. व्हय का न्हाय तेवढं सांग." माझे वडील गोरेमोरे झाले. मी चिडून म्हटलं, नाही वाटत. वाटत होती, चांगली वाटत होती. पण तुमच्या दोन खणांपैकी एकात मला त्याच मिनिटाला टाकून तुम्ही मोकळे झालात आणि पुढच्या आठवड्यात सुपारी फुटली. कऱ्हाटीत आल्यावर पहिल्याच सकाळी माझ्या हातात दाव्याचं टोक दिलंत आणि मला गाय धरावी लागली.

गावाने तुम्हाला डॉक्टर म्हटलं की तुम्ही भर रस्त्यात थांबून दुरुस्ती करायचात. मी डाक्टर न्हाय, डाक्टरच्या हाताखालचा हाय. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून अख्खी नोकरी काढलीत, आणि निवृत्त झाल्यावर ट्रंकेतून ती वही काढून माझ्यापुढे टाकलीत. व्याल्यानंतर बसलेल्या गाईंची वही. एका गाईला एक ओळ, एका ओळीत नऊ प्रश्न. व्याल्याला तीन दिवस झालेत का? मान पोटाकडं वळवली का? कान गार हाय का? नाक कोरडं हाय का? सड कडक हाय का? असे नऊ. होय असेल तर टिंब, नाही तर फुली. शेवटच्या रकान्यात गाय कशाने बसली होती ते. मला म्हणालात, तू आकड्यांचं शिकवतीस, बघ ह्यातनं काय निघतंय का.

आता ज्यांना गाईचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या भागात गाय व्याली आणि बसली की लोकांना एकच औषध ठाऊक. कॅल्शियमची बाटली, शिरेतून. कित्येक घरांत फळीवर तेलाच्या डब्याशेजारी ती बाटली उभी असते. आणि बहुतेक वेळा लोकांचं बरोबरच असतं. गाईच्या अंगातलं कॅल्शियम दुधात उतरलेलं असतं, बाटली संपते न संपते तोच गाय उठते आणि बाटली लावणाऱ्याला घरात जेवायला बसवतात. पण काही गाई दगडीने बसलेल्या असतात. कासेला सूज आलेली, सड म्हणजे आचळ कडक झालेले, तिथलं विष अंगात भिनलेलं. अशा गाईला तीच बाटली शिरेतून गेली तर काळीज बंद पडू शकतं. आणि वरवर बघणाऱ्याला दोघी सारख्याच दिसतात. बसलेली गाय ती बसलेली गाय.

तात्या, ती वही पाहून मला काय वाटलं हे मी तुम्हाला नीट कधी सांगितलं नाही. बारामतीच्या कॉलेजात मी मुलांना हेच शिकवत होते, होय-नाहीच्या उत्तरांवरून कुणाला कुठल्या गटात टाकायचं, आणि त्यासाठी फळ्यावर खोटी खोटी उदाहरणं रचत होते. आणि इकडे माझ्या सासऱ्यांनी पावसापाण्यात, बॅटरी तोंडात धरून, खरीखुरी उत्तरं लिहून ठेवलेली. उत्तराचा एक रकाना रिकामा नाही, कुठे 'थोडं थोडं' नाही. माझ्या सगळ्या शिक्षकांना जमलं नाही एवढं शिस्तीचं काम. मी तुम्हाला म्हटलं काय, तर 'अक्षर जरा बरं काढायचं होतं.' जिभेला हाड नाही माझ्या.

मग आपण कार्ड केलं. प्रत्येक होयला गुण. गाय बाटलीच्या गटाकडे झुकत असेल तर अधिक, दगडीकडे झुकत असेल तर उणे. गोठा सांभाळणाऱ्या बायकांनी नुसती बेरीज करायची. रेघेच्या वर आली तर बाटली, खाली आली तर हात लावायचा नाही, डॉक्टरला फोन. दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, पंधरा जणींना देऊन बघा, निभावलं तर पुढे इंदापूर तालुक्यातल्या बायकांनाही देऊ. मी हवेत होते. कार्ड छापायला टाकायच्या आदल्या दिवशी तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणालात, ह्ये चुकलंय.

गार कानाला मी अधिक गुण दिले होते. वहीच तसं सांगत होती, कान गार असलेल्या गाई बहुतेक सगळ्या बाटलीने उठलेल्या. तुम्ही म्हणालात, सड मऊ असताना कान गार असेल तर ते खरं. पण सड कडक आणि कान गार, दोन्ही असेल, तर त्याच गार कानाचा अर्थ उलटा. विष पार कानापर्यंत गेलंय आणि गाय थंड पडायला लागलीये. मग तो कान बाटलीकडे नाही, बाटलीच्या विरुद्ध बोट दाखवतो.

मी तुम्हाला हिशेब मांडून दाखवला. नऊ प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणजे पाचशे बारा तऱ्हेच्या गाई होतात. तुमच्या वहीत तेवढ्या गाईच नाहीत. जोड्या-जोड्या बघत बसलो तर निम्मे खण रिकामे राहतील आणि उरलेल्यांत एकेक-दोनदोन गाई. त्यावर नियम उभा करायचा म्हणजे वाळूवर घर. म्हणून प्रत्येक खूण सुटी धरायची आणि बेरीज करायची. एका उत्तराचे दोन अर्थ करता येत नाहीत. गार कान आणि कडक सड अशा दोन्हीला टिंब असलेल्या तुमच्या वहीत गाई किती? चार. चार गाईंवरून नियम होत नाही, तात्या.

तुम्ही वही मिटलीत. "चार गाई न्हाईत त्या, मनीषा. चार घरं हायती."

त्यावर मी जे बोलले ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. मी म्हटलं, घरांची संख्यासुद्धा चारच. आणि कार्ड माझ्या पद्धतीने छापून आणलं.

त्यानंतरचा तुमचा अबोला साऱ्या घराने भोगला. तुमचा लेक एमआयडीसीत पहिल्या पाळीला जातो, तो बिचारा घरी आला की आधी चपलांवरून अंदाज घ्यायचा कोण कुठल्या खोलीत आहे. मीही काही कमी नव्हते. मला वाटायचं, तुम्ही मोठे म्हणून तुमचंच खरं का? बारावीनंतर मी आठ वर्षं शिकले ती काय शेण काढायला? आणि खरं सांगू, आतून एक किडा वळवळत होता. मध्येच वाटायचं, म्हातारा म्हणतो त्यात काही असलं तर? पण हे वाटणं मी तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही. तुम्ही विचारलं असतंत, वाटतं का? व्हय का न्हाय? आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं.

शेवटच्या महिन्यात तुम्ही दिवसाआड दाढी करायला म्हणून गाडी काढायचात. दोन-दोन तास गायब. मी आईंना म्हटलंसुद्धा, यांची दाढी आहे का गवत? तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. हेल्मेट घातलंत आणि गेलात. मग एका दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तो दिवस ज्यांनी पाहायचा त्यांनी पाहिला.

तुमच्या दहाव्याच्या आदल्या सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं आणि माझा फोन वाजला. वडगाव निंबाळकरच्या नंदाताई. पंधरा कार्डांपैकी एक त्यांच्याकडे होतं. त्यांची पहिलारू, पहिल्याच वेताची गाय, परवा व्यालेली, पहाटेपासून बसलेली. दुभती गाय एवढी एकच. डॉक्टरांना यायला दोन तास लागणार होते, आणि बाटली लावणारा गावातलाच माणूस बाटली दावणीच्या वर खुंटीला अडकवून, हातात सुई घेऊन उभा. नंदाताईंनी कार्ड भरलं होतं. बेरीज रेघेच्या वर आली होती. मी विचारलं, मग अडचण काय?

"ताई, कार्डाच्या पुढं तुमचं गणित हाय. मागं तात्यांनी पेनानं लिवलंय. दोन्ही येगळं सांगत्यात. कुणाचं ऐकू?"

मला काही कळेना. मागे कुठे काय लिहिलंय? मी म्हटलं, वाचून दाखवा. त्यांनी सावकाश, अक्षर लावत वाचलं. कान गार आणि सड कडक, दोन्हीला व्हय आलं तर बेरीज करू नये. बाटली लावू नये. डाक्टरला बोलवावं.

बेरीज करू नये. तात्या, माझ्या कार्डावर. माझ्या चाचणीच्या कार्डावर, मला न विचारता. दुसरी कुठली वेळ असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण तिकडे एक माणूस सुई घेऊन उभा होता, आणि पलीकडे एक बाई माझ्या 'हो'ची वाट बघत होती. गाय गेली तर नंदाताईंची गेली असती, माझी नाही. मी विचारलं, सड कडक आहे? दगडासारखा, त्या म्हणाल्या. कान? बर्फ. मी जन्मभर 'नमुना लहान आहे' असं म्हणत आले आणि त्या क्षणी माझ्यापुढे नमुना म्हणजे तुमच्या चार गाई, एवढंच होतं.

"तात्यांचं ऐका," मी म्हटलं. "बाटली खाली काढा."

सव्वा वर्षात जे मला जमलं नाही ते तुमच्या माघारी, फोनवर, परक्या बाईला मी दोन शब्दांत सांगून टाकलं. बाटली लावणाऱ्याचा आवाज फोनमधून येत होता, गाय मेली तर मला बोलायचं न्हाय. मी गाडीची किल्ली घेतली. सुतकातली सून घराबाहेर निघाली म्हणून सतरंजीवर कुजबुज सुरू झाली. आई आतून आल्या, माझ्याकडे बघितलं, मंडळींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "त्ये आसतं तर त्ये बी गेलं आसतं. जा तू."

वडगावला पोचले तोवर डॉक्टर, सांगितल्या वेळेच्या आधीच, आले होते. त्यांनी एक सड पिळला, हातावर पिवळट पाणी आलं. डोळ्याची पापणी ओढून पाहिली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग खुंटीच्या बाटलीकडे बोट करून विचारलं, ही लावली का? नंदाताईंनी नाही म्हणून मान हलवली. डॉक्टर म्हणाले, लावली असती तर मी इथे येऊन काही उपयोग नव्हता. ठोके आधीच वेडेवाकडे आहेत. आणि मग बाह्या सरसावून कामाला लागले. मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिले आणि मला रडू यायला लागलं, तुम्ही गेलात त्या दिवशी आलं नव्हतं तेवढं. नंदाताईंना वाटलं गाईसाठी रडतेय. मी ते तसंच राहू दिलं.

तुमच्या अकराव्या दिवशी सकाळी नंदाताईंनी मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. गाय मागचे पाय रोवते, पडते, पुन्हा रोवते, आणि तिसऱ्यांदा उभी राहते. उभी राहिल्याबरोबर तिने पहिलं काम काय केलं, तर शेजारच्या कालवडीच्या घमेल्यात तोंड घातलं. मी स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. पाहुणे चमकले. वाजवल्या तर वाजवल्या. मी आईंना व्हिडिओ तीनदा दाखवला, तुमच्या लेकाला पाच वेळा, आणि दवाखान्याच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा ते 'कार्ड चाललं' म्हणायच्या आत मीच म्हटलं, कार्ड चुकलं होतं, कार्डाची मागची बाजू चालली.

मग मी उरलेल्या चौदा जणींकडे गेले. चौदाच्या चौदा कार्डांवर तुमचं अक्षर. त्याच निळ्या पेनाने, तीच ओळ. म्हणजे दाढीच्या नावाखाली तुम्ही हा उद्योग करत होतात. एमआयडीसीच्या त्या ट्रकांच्या रस्त्यावरून, त्या गुडघ्यांनी. एकीने सांगितलं, तुम्ही शपथ घातली होती की सुनेला सांगायचं नाही. ती हट्टी आहे, पण खोटी नाही, एक गाय बघितली की तिची तीच लिहील. माझी चाचणी तुम्ही पार बिघडवून ठेवलीत, तात्या. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला नापास केलं असतं. तुम्हाला काय करू? तुमच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं, आणि पाय कुठे आहेत?

घरी येऊन वही काढली. कान आणि सड यांचा एक वेगळा रकाना केला, दोन्हीला होय असेल तरच टिंब, आणि सगळे गुण नव्याने मांडले. त्या चारही गाई रेघेखाली, आपल्या जागी गेल्या, आणि बाकीची एकही गाय इकडची तिकडे झाली नाही. आता ज्या वहीतून नियम काढला त्याच वहीवर तो तपासला तर ती फुशारकी असते, हे मला कळतं, ते मीच शिकवते. पण नंदाताईंची गाय त्या वहीत नव्हती. ती बाहेरून आली, तुमच्या नियमाला सामोरी गेली आणि उठून उभी राहिली. यापेक्षा चांगली परीक्षा मला कुणी सुचवून दाखवावी.

त्या चार ओळींकडे बघताना एक गोष्ट मी पहिल्यांदा पाहिली. इतर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मालकाचं नाव आहे. चारांतल्या पहिल्या ओळीत ती जागा कोरी. अख्ख्या वहीत तेवढी एकच कोरी जागा. मी आईंना विचारलं. आई गहू निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "ती आपली व्हती. बाटली त्येंनीच लावली. नोकरीचं पयलं वरीस. आठ दिस जेवलं न्हाईत." आणि त्यानंतर बसलेल्या प्रत्येक गाईचे तुम्ही कान आणि सड, दोन्ही हाताळून पाहिलेत आणि लिहून ठेवलेत. मला हे सांगितलं असतंत तर मी तिथल्या तिथे ऐकलं असतं. म्हणूनच सांगितलं नसेल. तुम्हाला माझी दया नको होती, तुम्हाला माझ्याकडून गणित हवं होतं. मी ते दिलं नाही आणि तुम्ही तक्रार केली नाहीत, फक्त पेन घेऊन बाहेर पडलात.

काल इंदापुरात कार्डाचं प्रशिक्षण झालं. माझ्याच माहेरी. नवं कार्ड, आणि तुमची ओळ आता मागे नाही, पुढे, सगळ्यात वर, बेरजेच्याही आधी. जाड अक्षरात, तुमच्याच शब्दांत. छापखान्याचा माणूस म्हणाला, डाक्टर नको, डॉक्टर करू या. मी म्हटलं, हात लावायचा नाही. हॉल भरला होता, मागे बायका उभ्या होत्या. मी ती ओळ वाचली, कारण समजावलं. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, बाई, ह्ये तुमी शोधून काढलं व्हय?

मी म्हटलं, नाही. मी याच्या विरुद्ध होते. हे माझ्या सासऱ्यांनी काढलं, मी त्यांना चूक म्हटलं, आणि ते बरोबर होते. माइकमधून म्हटलं, तात्या, सगळ्यांसमोर, माझ्या भावाला-वहिनीला ऐकू जाईल असं. बायका हसल्या नाहीत. त्या बाईने नुसती मान डोलावली, तिच्या घरातही असंच काहीतरी झालं असावं.

मग मी विचारलं, कान गार, सड कडक, दोन्हीला व्हय आलं तर काय करायचं? आणि अख्खा हॉल एका आवाजात म्हणाला, बाटली लावायची न्हाय. त्यांना कळलं होतं, पुन्हा विचारायची काही गरज नव्हती. मी तरी पुन्हा विचारलं. मला ते अजून एकदा ऐकायचं होतं.